दोष कुणाचा आणि भुर्दंड कुणाला?

सरकारी कचेरीत गेलेल्या माणसाला पूर्वी एक ठरावीक उत्तर मिळत असे : "साहेब जागेवर नाहीत, उद्या या." या उत्तराविरुद्ध निदान तक्रार तरी करता येई. साहेबांची खुर्ची रिकामी असल्याचे चार माणसे पाहत, शिपाई साक्षीला असे आणि माणूस खमका असेल तर तो वरिष्ठांकडे अर्ज टाकी. आज तेच उत्तर नव्या भाषेत मिळते : "साइट चालत नाही." या उत्तराला तोंड नाही, खुर्ची नाही आणि साक्षीदारही नाही. पडद्यावर एक वर्तुळ फिरत राहते, अर्धे पान उमटते, खालचे बटण उमटतच नाही. आणि अर्जदार आपल्या फोनला, आपल्या नशिबाला किंवा सेवा केंद्रातल्या पोराला बोल लावीत घरी परततो. पान का उघडले नाही, दोष नक्की कुणाच्या दारात होता आणि त्यापायी झालेले नुकसान कुणी सोसायचे, हे प्रश्न त्याला विचारावेसेही वाटत नाहीत. ते विचारण्याची सवय आपल्याला लागली पाहिजे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

हा प्रश्न किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखा राहिलेला नाही. १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल लागला. करोनामुळे त्या वर्षी परीक्षा झाली नव्हती, निकाल अंतर्गत मूल्यमापनावर होता, तरी मुलांची उत्कंठा कमी नव्हती. दुपारी निकालाची वेळ झाली आणि निकालाची संकेतस्थळे कोसळली. ती कित्येक तास उघडली नाहीत. पुढे काही दिवसांतच अकरावीच्या प्रस्तावित प्रवेश परीक्षेची नोंदणी सुरू झाली आणि तेही संकेतस्थळ तांत्रिक अडचणीपायी बंद ठेवावे लागले. २०२३च्या खरिपात राज्य सरकारने एक रुपयात पीकविम्याची योजना आणली. दीड कोटीहून अधिक अर्ज आले, शेवटच्या दिवसांत संकेतस्थळ मंदावल्याची ओरड झाली आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. २०२५च्या उत्तरार्धात लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी लाखो स्त्रिया फोन हातात धरून ओटीपीची वाट पाहत बसल्या. ती मुदतही १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरवर न्यावी लागली.

नामपूरसारख्या गावाला याची झळ विशेष लागते, त्याला कारण आहे. २०२५पूर्वी अकरावीचे ऑनलाइन केंद्रीय प्रवेश मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा मोठ्या शहरांपुरतेच होते. मोसम खोऱ्यातला विद्यार्थी गुणपत्रिका घेऊन महाविद्यालयाच्या खिडकीशी उभा राही, अर्ज भरी आणि पावती घेऊन घरी जाई. २०२५मध्ये ही ऑनलाइन पद्धत प्रथमच सबंध राज्याला लागू झाली. २१ मे रोजी नोंदणीस आरंभ व्हायचा होता. त्याच दिवशी संकेतस्थळ उघडेना, आणि अखेर नोंदणी २६ मे रोजी सुरू करावी लागली. शहरातल्या घरात संगणक असतो, दोन-तीन कंपन्यांची जोडणी असते, धीर द्यायला माहीतगार माणूस असतो. वाडीवरच्या मुलाजवळ वडिलांचा फोन असतो आणि वडील कांदा घेऊन बाजार समितीत गेले की फोनही त्यांच्याबरोबर जातो. एका पानाचे न उघडणे दोघांना सारखेच महाग पडत नाही.

दोष कुणाचा हे ठरवायचे तर पान उघडते कसे, हे आधी समजून घेतले पाहिजे. ते समजण्यास तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो तेव्हा आपले यंत्र प्रथम एका निर्देशिकेला त्या नावाचा क्रमांक विचारते. टेलिफोनच्या डिरेक्टरीत नंबर शोधावा तसेच हे आहे. क्रमांक मिळाला की विनंती अनेक टप्पे ओलांडून दूरच्या संगणकाशी, म्हणजे सर्व्हरशी पोचते. तो सर्व्हर पान एकसंध धाडीत नाही. मजकूर वेगळा, मांडणीची फाइल वेगळी, चित्रे वेगळी आणि बटणे चालवणारा कार्यक्रम वेगळा, असे सुटे भाग येतात आणि आपला ब्राउझर ते जुळवतो. यांतला एखादा भाग वाटेत राहिला की पान अर्धवट दिसते. मजकूर दिसतो पण रचना विस्कटलेली असते, किंवा सारे ठाकठीक दिसूनही बटण दाबले असता काहीच होत नाही.

तेव्हा बिघाडाची ठिकाणे मुख्यतः चार : आपले यंत्र, आपली जोडणी, मधला मार्ग आणि पलीकडचा सर्व्हर. कोणते ठिकाण नादुरुस्त आहे हे पाच मिनिटांत बव्हंशी कळू शकते. प्रथम दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडत नसेल तर दोष बहुधा आपल्या जोडणीत आहे. ते उघडते आणि हवे तेच अडते, तर ब्राउझरची खासगी खिडकी उघडून तेथे तोच पत्ता घालावा. तेथे पान नीट आले तर आपल्या यंत्रात साठून राहिलेल्या जुन्या फाइली किंवा जाहिरात रोखणारी जोडयंत्रणा आडवी येत आहे असे समजावे. साठवण पुसली किंवा ती यंत्रणा बंद केली की काम होते. यंत्रावरील तारीख-वेळ चुकलेली असेल तर सुरक्षित संकेतस्थळे दारातच अडवतात, कारण त्यांचे प्रमाणपत्र मुदतीत आहे की नाही हे आपले यंत्र स्वतःच्याच घड्याळावरून ताडते. पैसे भरल्यावर पावतीची नवी खिडकी उघडत नसेल तर ब्राउझरने अशा खिडक्या रोखून धरल्या आहेत का, ते पाहावे. हे सारे करूनही पान येत नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवरून, दुसऱ्या फोनवर तोच पत्ता उघडावा. तेथेही तेच घडले, तर दोष आपल्या घरात नाही असे मानायला भरपूर आधार आहे.

यापुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पान न उघडता एखादा तीन आकडी क्रमांक पडद्यावर येतो, तो निरर्थक नसतो. इंटरनेटच्या सर्वमान्य संकेतांत या क्रमांकांची वर्गवारी ठरलेली आहे. चारने सुरू होणारे क्रमांक विचारणाऱ्याच्या बाजूची चूक दाखवतात : चारशेचार म्हणजे मागितलेले पान त्या पत्त्यावर नाही, चारशेतीन म्हणजे तुम्हाला परवानगी नाही. पाचने सुरू होणारे क्रमांक मात्र सर्व्हरच्या बाजूची कबुली देतात. पाचशे म्हणजे आमच्या यंत्रणेत आतल्या आत बिघाड झाला. पाचशेतीन म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही. पाचशेचार म्हणजे आमच्याच मागच्या यंत्राने आम्हाला वेळेत उत्तर दिले नाही. पाचशेतीनच्या उत्तरासोबत "पुन्हा केव्हा यावे" हे कळवण्याची सोयदेखील या संकेतांत आहे. म्हणजे ज्यांनी ही यंत्रणा रचली त्यांनी दोष कुणाचा हा प्रश्न टाळला नाही. त्याचे उत्तर त्यांनी यंत्राच्या भाषेतच लिहून ठेवले. वर्गवारी अगदी निर्दोष आहे असेही नव्हे. खात्यानेच परिपत्रकात छापलेला पत्ता उघडला आणि चारशेचार आले, तर यंत्र चूक अर्जदाराची म्हणेल, वस्तुतः ती खात्याची असेल. तथापि एवढे निश्चित की पाचच्या वर्गातला क्रमांक ही खात्याने स्वतः दिलेली लेखी कबुली आहे. आणि ती हातात असूनही आपण "आमच्याच फोनला काहीतरी झाले असेल" म्हणत उठतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर येथे खर्चाचे स्थलांतर झाले आहे. ऑनलाइन पद्धत आली तेव्हा कागद, टपाल, कारकुनांचा वेळ यांत बचत होते असे सांगितले गेले, आणि ते खरेही आहे. पान उघडते तेव्हा ही बचत अर्जदारालाही मिळते. एसटीचे भाडे वाचते, दिवस वाचतो. पान उघडत नाही तेव्हा मात्र हिशेब उलटतो. नामपूरचा माणूस सटाण्याला किंवा मालेगावला जातो, सेवा केंद्रात ताटकळतो, पुन्हा दुसऱ्या दिवशी जातो; त्याची मजुरी बुडते, भाडे दुप्पट होते. हा खर्च कोणत्याही खात्याच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. खात्याच्या वहीत बचत दिसते, समाजाच्या वहीत तूट पडते. आणि समाजाची वही कुणी लिहीत नसल्यामुळे खात्याची बचतच तेवढी खरी ठरते. ज्याला स्वतःच्या बिघाडाची किंमत मोजावी लागत नाही त्याला बिघाड दुरुस्त करण्याची घाई नसते, हा माणसाच्या आणि संस्थेच्या स्वभावाचा साधा नियम आहे.

यात आणखी एक सूक्ष्म अन्याय आहे. पूर्वीची रांग डोळ्यांना दिसे. रेशनच्या दुकानापुढे शंभर माणसे उभी असली की दुकानदाराला, पुढाऱ्याला, वार्ताहराला ती दिसत. आणि आधी आलेला आधी सुटे. संकेतस्थळापुढची रांग अदृश्य असते. लाख माणसे एकाच वेळी दार ठोठावीत असतात आणि प्रत्येकाला वाटते की दार आपल्यापुरतेच बंद आहे. शिवाय या रांगेला क्रम नसतो. पहाटे चारपासून बसलेला मागे राहतो आणि ज्याची जोडणी वेगवान तो दुपारी येऊन पुढे निघून जातो. बिघाड लाखोंवर एकदम कोसळला तर बातमी होते आणि मुदत वाढते. वर दिलेली सारी उदाहरणे त्याच प्रकारची आहेत. परंतु एखाद्या विद्यार्थ्याचे पैसे खात्यातून गेले आणि पावतीचे पान आले नाही, किंवा अर्ज भरता भरता वेळ संपून लिहिलेले सारे पुसले गेले, तर त्याची बातमी होत नाही. एकट्याच्या बिघाडाला आपल्याकडे दाद नाही.

दाद मिळते तेव्हा ती कृपा म्हणून मिळते. आयकर विवरणपत्रांची मुदत १५ सप्टेंबर २०२५ रोजी संपत होती. संकेतस्थळाबद्दल तक्रारी आल्या आणि शेवटच्या रात्री ती एका दिवसाने वाढवण्यात आली. करदात्यांच्या पाठीशी सनदी लेखापालांच्या संघटना असतात, त्यांचा आवाज दिल्लीत पोचतो. बागलाण तालुक्यातल्या शिष्यवृत्तीच्या अर्जदाराची संघटना कोणती? मुदतवाढ मिळावी की नाही हे ज्याच्या त्याच्या आवाजाच्या उंचीवर ठरू लागले, तर तिला हक्क म्हणता येणार नाही.

कायदा याबाबत अगदीच मुका आहे असे नाही. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये एक साधे कलम आहे : एखादी गोष्ट कोर्टात किंवा कचेरीत ठरावीक मुदतीत करायची असेल आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती कचेरी बंद असेल, तर कचेरी उघडेल त्या दिवशी केलेली गोष्ट मुदतीतच केली असे धरावे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या तत्त्वामागे शहाणपण आहे. ज्याने दार बंद ठेवले त्याने उशीर झाला म्हणू नये. आज कचेरीचे दार म्हणजे संकेतस्थळाचे पान. ते बंद असले तर कचेरी बंद आहे असे का मानू नये? उलट आपला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ पाहा. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील आहे, आयोग आहे, अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कायदा स्वागतार्ह आहे. पण त्याचे घड्याळ सुरू होते ते परिपूर्ण अर्ज पोचल्यावर. पान उघडलेच नाही तर अर्ज पोचत नाही, अर्ज पोचला नाही तर घड्याळ सुरू होत नाही, आणि घड्याळच सुरू झाले नाही तर विलंब कुणाचाच नाही. हक्काची इमारत उभी आहे, परंतु तिच्या उंबरठ्याची जबाबदारी कुणावर टाकायची राहून गेली आहे.

इतरत्र काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. युरोपीय संघातून बाहेर पडायचे की नाही, यावर ब्रिटनमध्ये २०१६ साली सार्वमत झाले. मतदार म्हणून नाव नोंदवण्याचा शेवटचा दिवस ७ जून होता. त्या एका दिवसात पाच लाखांहून अधिक अर्ज आले आणि मुदत संपायला दोन तासही उरले नसताना संकेतस्थळ कोसळले. तेथील सरकारने घाईने नियम बदलून मुदत ९ जूनच्या मध्यरात्रीपर्यंत वाढवली. चूक आमच्या दारात झाली, तर मतदाराचा हक्क जाता कामा नये, ही त्यामागची भूमिका. आणि त्यासाठी ब्रिटनकडेच पाहावे असेही नाही. आपल्याच निवडणुकीत मतदानाची वेळ संपते तेव्हा जे रांगेत उभे असतात त्यांना चिठ्ठ्या वाटल्या जातात आणि शेवटच्या माणसापर्यंत मतदान चालते. रांगेत वेळेवर येऊन उभा राहणे एवढे मतदाराचे काम. रांग पुढे सरकवणे हे यंत्रणेचे. मतपेटीपाशी मान्य असलेले हे तत्त्व अर्जाच्या पानापाशी अमान्य का असावे?

यास्तव काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली म्हणजे प्रयत्नाची पोच. अर्जदाराने भ्रमणध्वनी क्रमांक देताच, पुढचे लांबलचक पान उघडण्याआधी, त्याला एक क्रमांक मिळावा. मुदत संपण्यापूर्वी ज्याला क्रमांक मिळाला त्याला पुढील दोन दिवसांत अर्ज पुरा करता यावा. हीच मतदानाच्या रांगेतली चिठ्ठी. दुसरी म्हणजे बिघाडाची जाहीर नोंद. सर्व्हर आपल्याकडे आलेल्या प्रत्येक विनंतीची आणि दिलेल्या उत्तराची नोंद ठेवू शकतो. सुस्थितीतल्या यंत्रणेत ती ठेवली जातेच. पाचच्या वर्गातली उत्तरे किती गेली, कोणत्या वेळी गेली, हे त्यातूनच काढून रोज प्रसिद्ध करावे. अखेरच्या आठवड्यात सेवा जितका काळ बंद राहिली तितकी मुदत, अधिक एक पूर्ण कामाचा दिवस, आपोआप वाढावी. त्यासाठी मंत्रिमहोदयांच्या घोषणेची वाट पाहावी लागू नये. तिसरी म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी, मुदतीच्या काळापुरती तरी, कागदी अर्जाची एक खिडकी उघडी असावी.

कागदाचे नाव काढले की मागे जाण्याचा आरोप होतो. पण सरकारनेही अडचणीत हाच मार्ग धरलेला आहे. २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर झाले तेव्हा सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद हवी अशी अट होती. ॲपवर नोंद न झालेले शेतकरी मोठ्या संख्येने निघाले. अखेर गावपातळीवरच्या समितीने पाहणी करून दिलेला अहवाल ग्राह्य धरण्याची सवलत द्यावी लागली. नामपूरच्या बाजारात कांदा विकणाऱ्याला याचे महत्त्व सांगायला नको. पडद्यावर जे उमटले नाही ते शेतात होते, आणि ते पाहायला माणूसच जावा लागला.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा की लबाड लोक खोटीच सबब सांगतील. परंतु बिघाडाची नोंद सर्व्हरपाशी असल्यावर सबब खरी की खोटी हे अर्जदाराच्या शब्दावर अवलंबून राहतच नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : वर्षातून चार दिवस होणाऱ्या गर्दीसाठी अफाट क्षमता वर्षभर बाळगणे परवडेल काय? हा प्रश्न वीजमंडळांना फार जुना आहे. संध्याकाळच्या मागणीचे शिखर गाठण्याइतकी यंत्रे उभारावीत, की शिखरच खाली आणावे? वीजपुरवठ्यात कृषिपंपांना वेगवेगळ्या वेळा वाटून दिल्या जातात. तसेच अर्जांचेही करता येईल. सबंध राज्याला एकच शेवटची तारीख आणि तीही एकाच मध्यरात्री, हा हट्ट कशासाठी? विभागवार तारखा दिल्या तर शिखर उतरेल. वाढीव क्षमता थोड्या दिवसांपुरती भाड्यानेही घेता येते. आणि जड चित्रे, फिरत्या पट्ट्या, मान्यवरांची छायाचित्रे पानावरून उतरवली, तर तेच पान मंद जोडणीवर कितीतरी लवकर उघडेल. अर्जाचे पान सजवण्याची जागा नव्हे.

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्याकडे यातला एक वाटा येतो, आणि तो कुणाच्या आदेशाची वाट न पाहता उचलता येण्याजोगा आहे. शाळा-महाविद्यालयांत निबंधलेखन शिकवले जाते, अर्जलेखन शिकवले जाते. न उघडणाऱ्या पानाची तपासणीही एका तासिकेत शिकवता येईल. पान अडले की वर सांगितलेली परीक्षा करावी. दोष आपल्याकडचा निघाला तर मुकाट्याने दुरुस्त करावा. सर्व्हरला उगाच दोष देऊ नये. तो पलीकडचा निघाला तर पडद्याचे छायाचित्र घ्यावे, त्यात तारीख, वेळ, पूर्ण पत्ता आणि क्रमांक दिसावा, आणि त्याच दिवशी संबंधित खात्याला लेखी कळवून त्याची प्रत जपून ठेवावी. महाविद्यालयाच्या कार्यालयात यासाठी एक साधी वही ठेवली तरी पुरे. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती विद्यार्थ्यांचे पान अडले एवढे तीत लिहिलेले असले, तर पुढच्या वेळी मुदतवाढ मागताना हात रिकामे राहणार नाहीत. नोंद नसलेले गाऱ्हाणे हवेत विरते. नोंद असलेल्या गाऱ्हाण्याला उत्तर देणे भाग पडते.

यंत्र बिघडणारच, माणसाने केलेली कोणतीही व्यवस्था अचूक चालत नाही, आणि तशी अपेक्षा धरणेही शहाणपणाचे नाही. मागणी एवढीच की बिघाडाची किंमत ज्याच्या दारात बिघाड झाला त्याने मोजावी. विद्यार्थ्याची जागा, शेतकऱ्याचा विमा, निराधार बाईचे मासिक पैसे या गोष्टी एका फिरत्या वर्तुळावर टांगून ठेवायच्या आणि वर्तुळ थांबले नाही तर "मुदत संपली" म्हणायचे, हा व्यवहार न्यायाचा नाही. कचेरी बंद असेल तर दुसऱ्या दिवशी आलेल्या माणसाला परत पाठवू नये, इतके इंग्रजी अमदानीतल्या कायद्यालाही समजत होते. स्वराज्यातल्या संकेतस्थळांना ते समजावून द्यायला फार मोठा खर्च येणार नाही.